हाताचा क्लच

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. भिंगारच्या पुढं पाथर्डी रस्त्याला माझं दुकान आहे, हायड्रॉलिक जॅक आणि होज पाईप दुरुस्तीचं. ट्रॉल्या उलटणारे जॅक, जेसीबीचे पाईप, डंपरचे पंप, असली कामं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला माझी बोलणी बसतात आणि मग काम होतं. 'जॅक आहे का माठ? माती भरून आणलीय का रे आत?' असं मी विचारतो. ते बिचारे हसतात, कारण मी टाकलेलं सील गळत नाही हे त्यांना माहीत असतं. बायको म्हणते, पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहून टाका, 'बोलणी मोफत'. मी तिलाही दोन शब्द ऐकवतो आणि चहा सांगतो.

हा स्वभाव मला कुठून आला देव जाणे. वडिलांकडून तर नक्कीच नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सोनई आणि घोडेगावच्या मधे आमची वस्ती. थोडा ऊस, थोडा कांदा, चार जनावरं. दादांनी आयुष्यात बैलावरसुद्धा आवाज चढवला नसेल. माझा थोरला भाऊ, त्याला मी नुसतं भाऊच म्हणतो, तोही त्यांच्याच वळणावर गेलेला, कमी बोलणारा. फक्त ट्रॅक्टरवर बसला की तो गायचा. इंजिनाच्या आवाजात आपलं गाणं कुणाला ऐकू जात नाही अशी त्याची पक्की समजूत होती. अख्ख्या शिवाराला ऐकू यायचं, पण त्याला सांगायचं कुणी?

ट्रॅक्टर म्हणजे त्याचा जीव की प्राण. जुनाच घेतलेला, रंग उडालेला, पण भाऊ नांगरायला लागला की मातीत ओढलेला तास असा सरळ निघायचा की जाणारे-येणारे बांधावर थांबून बघायचे. मुलगी बघायला निघाला तेव्हाही हा पठ्ठ्या ट्रॅक्टरवरच निघाला होता. दादांनी अक्षरशः हात जोडले तेव्हा कुठं एसटीनं गेला. वहिनी अजून त्यावरून त्याला टोमणे मारतात.

त्याचा पाय गेला तो उसाच्या हंगामात. भरलेली ट्रॉली चिखलात रुतली होती. भाऊ म्हणाला, दादा, तुम्ही स्टिअरिंगवर बसा, मी मागं बघतो. तो ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे, हुकाच्या दांडीवर उभा राहिला. दादा क्लच अलगद सोडायला गेले, पण चिखलानं माखलेली चप्पल पॅडलवरून सटकली. ट्रॅक्टरनं हिसका मारला, भाऊ खाली पडला आणि ट्रॉलीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. नगरला नेला. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय काढला.

दादांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. भाऊनं तर त्या दिवसाचा विषयच कधी काढला नाही. पण दादा त्यानंतर ट्रॅक्टरच्या सीटवर कधी बसले नाहीत. बसले नाहीत, पण त्याला धुवायचे, पुसायचे, वर ताडपत्री टाकायचे, चाकातली माती काडीनं काढत बसायचे. मी एकदा म्हणालो, 'दादा, चालवणारं कुणी नाही, विकून टाकू की.' तर म्हणाले, 'आसू दे. त्यो बसंल परत.' एवढंच बोलले आणि पुन्हा फडकं घेऊन कामाला लागले.

भाऊला नकली पाय बसवला. त्यावर तो चालायला लागला, जनावरांचं बघायला लागला. पण ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे काही सायकलचं पॅडल नव्हे. त्याला जोर लागतो, आणि किती दाबलाय हे पायाला कळावं लागतं. नकली पायाला काय कळणार? एकदा मी गावी गेलो तर भाऊ बंद ट्रॅक्टरवर नुसता बसला होता. मला म्हणाला, 'ह्यो एक डावा पाय सोडला तर बाकी समदं हाय की रं माझ्याकडं.'

ते माझ्या डोक्यात बसलं. गाडीवरून भिंगारला परत येईपर्यंत तेच. आणि मग मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. अरे, माझा धंदाच तो आहे! इथं दाबायचं आणि तिथं हलवायचं. जेसीबीवाला केबिनमध्ये बसून दोन बोटांनी दांडा ढकलतो आणि पलीकडं बकेट जमीन उकरतं. मग भावाचा हात वर आणि क्लच खाली, एवढं अंतर मला जोडता येत नाही होय?

पुढच्या रविवारी मी जनावरांच्या डॉक्टरकडून दोन सिरिंज मागून आणल्या, सलाईनच्या नळीनं जोडल्या, आत पाणी भरलं आणि एक दादांच्या हातात दिली, दुसरी भाऊच्या. 'दादा, दाबा.' दादांनी दाबली तशी पडवीच्या त्या टोकाला बसलेल्या भाऊच्या हातातली सिरिंज आपोआप वर आली. दादा चपापले. पुन्हा दाबली. मग लहान पोरासारखे पुन्हा पुन्हा दाबायला लागले.

'नळीतून जातं काय पर?' त्यांनी विचारलं.

'वेगळं काही जात नाही. पाणी नुसतं जरा पुढं सरकतं. तुमचा जोर तेवढा तिकडं पोचतो.'

'माझा जोर त्याच्या हातात?' असं म्हणून त्यांनी भाऊकडं बघितलं, आणि मग सिरिंज खाली ठेवून ते उगाच वैरण टाकायला उठून गेले.

मग मी कामाला लागलो. भंगारातल्या एका मोटारीचा क्लचचा वरचा सिलिंडर मिळवला, एक खालचा सिलिंडर, बारीक पाईप. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला हाताचा दांडा बसवला. दांडा ओढला की वरच्या सिलिंडरमधलं ऑइल पाईपातून खालच्याला रेटायचं आणि खालच्याचा दांडा क्लचचं पॅडल दाबायचा. सोडलं की सगळं आपलं आपण मागं. वर एक छोटी पांढरी बाटली, त्यात ब्रेक ऑइल. भाऊला मी बजावून सांगितलं, 'ह्या बाटलीत मी दिलेल्या डब्यातलंच घालायचं. दुसरा एक थेंब जाता कामा नये.' त्यानं मान हलवली. दादा तेव्हा गोठ्यात धारेला बसले होते.

शेवटचं काम पाईपातली हवा काढायचं. आत हवेचा बुडबुडा राहिला की इथं कितीही दाबा, जोर त्या बुडबुड्यातच जिरतो, पुढं पोचत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर दांडा ओढून धरायचा, दुसऱ्यानं खाली नट ढिला करून हवा सोडायची आणि नट आवळल्यावरच वरच्यानं दांडा सोडायचा. भाऊ वरती बसायला निघाला, पण दादा म्हणाले, मी धरतो. सीटवर बसले नाहीत, बाजूला उभे राहून दांडा धरला. मी ट्रॅक्टरखाली उताणा. 'ओढा. धरा. धरा हं. हां, सोडा.' असं चाललं होतं. मधेच दादांचा हात थकला म्हणा, चुकला म्हणा, मी नट आवळायच्या आधीच त्यांनी दांडा सोडला आणि हवा सगळी परत आत. झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात. 'धरा म्हणलं ना! एवढं साधं काम जमत नाही का तुम्हाला? सकाळपासनं केलेलं सगळं पाण्यात घालवलंत!' खालूनच ओरडत होतो. शेजारच्या वस्तीवरची दोन माणसं बघायला आली होती, त्यांच्यादेखत. मी बाहेर आलो तेव्हा दादा दोन्ही हात अंगाला चिकटवून उभे होते. भाऊनं मुकाट्यानं त्यांच्या जागी येऊन दांडा धरला आणि आम्ही काम संपवलं.

जेवायच्या वेळी मी सगळं विसरलो होतो. माझं असंच असतं, वादळ येतं आणि जातं. दादा मात्र त्या दिवशी भूक नाही म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी भाऊ ट्रॅक्टरवर बसला! काय सांगू तुम्हाला. उजव्या पायाखाली ब्रेक, डाव्या हातात माझा दांडा. पहिल्यांदा जरा धक्का बसला, दुसऱ्यांदा कमी, आणि तिसऱ्यांदा गाडी अशी हलली की जणू मधे काही घडलंच नव्हतं. वस्तीपासून रस्त्यापर्यंत गेला, वळवून आणला. येताना गात होता. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. दादा दारात उभे होते, त्यांनी ट्रॅक्टरला हात जोडले. मी आयुष्यात हजार जॅक बसवले असतील, पण त्या दिवसासारखं समाधान मला पुन्हा मिळालं नाही.

पुढं भाऊ सगळं करायला लागला. नांगरट, पेरणी, घोडेगावच्या मार्केटला कांदा. मार्केटमध्ये लोक ट्रॅक्टरभोवती जमायचे, खाली वाकून पाईप कुठून कुठं जातो ते बघायचे. भाऊ सांगायचा, धाकट्यानं केलंय. मला हे दुसऱ्यांकडून कळायचं, तोंडावर त्यानं कधी कौतुक केलं नाही.

मग एक दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीचं लई कौतुक. घरातलं हत्यार म्हणून जे जे आहे ते बाहेर काढायचं, धुवायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. खुरपं, कुऱ्हाड, पहार, पाण्याची मोटर, सगळं. आणि आम्ही शिंगणापूरच्या शेजारचे. देवाला तेल, चाकाला तेल, बिजागरीला तेल. तेल घातलं की भलं होतं हे आमच्या अंगातच मुरलंय. मी दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गेलो तेव्हा अंगणात ट्रॅक्टर झेंडूच्या माळांनी मढवलेला होता. हाताच्या दांड्यालाही कुंकू. दादा म्हणाले, 'नवमीला सोता धुतलाय. समदं तेलपानी केलंय, बघ.' मी म्हणालो, 'झकास,' आणि घाईत होतो म्हणून पुरणपोळी खाऊन निघालो. हंगाम तोंडावर आला होता, दुकानात जॅकांची रास पडली होती.

आठवडाही झाला नसेल, वहिनींचा फोन आला. 'भाऊजी, ट्रॅक्टर गोठ्यात घुसला. कुनाला काय झालं न्हाई, पर तुमी या.'

झालं होतं असं. भाऊ शेतातून येत होता. अंगणात वळताना त्यानं क्लचचा दांडा ओढला, तर तो जागचा हलेना. पुन्हा ओढला, जोर लावला, हलेना. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात त्या दांड्याला झोंबतोय, इंजिनाचा वेग कमी करायला तिसरा हात आणायचा कुठून? उजव्या पायानं ब्रेक दाबून धरला, पण इंजिन गाडी पुढं रेटतच होतं. समोर गोठ्याच्या तोंडाशी दादा वैरणीची पेंढी घेऊन उभे. ते बाजूला झाले आणि ट्रॅक्टर खांबाला धडकून बंद पडला. पत्रे खाली आले. जनावरं तेवढी बिथरली.

मी पोचलो तोवर दुपार टळून गेली होती. बघतो तर हाताचा दांडा नाही, सिलिंडर नाही, पाईप नाही. सगळं काढलेलं. क्लचचं पॅडल उघडंबोडकं. भाऊ ओट्यावर बसला होता.

'कुठंय सामान?' मी विचारलं.

'भंगारवाल्याला दिलं.'

'काय? मला न दाखवता? मला उघडून बघू तरी द्यायचं होतंस! कशानं अडकलं ते कळायला नको?'

'कशानंच न्हाई अडकलं. माझा हात घसरला.'

'हात घसरला म्हणे! वहिनी म्हणतात दांडा हलत नव्हता. पाईप चेपला होता का? माझा नट ढिला होता का? खरं सांग ना!'

'तुझं काम चांगलं हुतं. मला जमलं न्हाई,' भाऊ म्हणाला. 'जाऊ दे आता.'

मी खूप बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. माझी खात्री झाली होती की दोष माझ्या कामात होता आणि हा मला सांभाळून घेतोय. माझं काहीतरी चुकलं आणि आमचे वडील त्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचले, असं मी धरून चाललो. आणि चूक काय तेही मला बघता येऊ नये म्हणून ह्यानं पुरावाच घालवला, ह्याचा मला जास्त राग. दादा मोडक्या गोठ्यापाशी पत्रे गोळा करत होते, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी पाणीसुद्धा न पिता निघालो.

दिवाळीच्या आत दादांनी ट्रॅक्टर विकला. ज्या माणसानं तो इतकी वर्षं विकू दिला नाही, त्यानंच गिऱ्हाईक आणलं. 'नगं आता. त्याचा जीव ऱ्हाऊ दे,' म्हणाले.

त्यानंतर भाऊ बांधावर खुर्ची टाकून बसायला लागला. भाड्याचा ट्रॅक्टर यायचा आणि हा लांबून हात करून ड्रायव्हरला सांगायचा, इकडं घे, तिकडं घे. ते पोरगं कानात गाणी घालून नांगरायचं, त्याचं लक्ष नसायचं. तास वाकडेतिकडे निघायचे. भाऊ हात खाली घ्यायचा आणि बघत बसायचा. गायचा तर तो बंदच झाला. खुर्चीवर बसून कोण गातं?

आणि मी? मी असलं काम पुन्हा हातात घेतलं नाही. श्रीरामपूरचे एक शिक्षक आले होते, लहानपणी पोलिओ झालेला, घोडेगावच्या मार्केटमध्ये कुणाकडून तरी ऐकून. गाडीचा क्लच हातावर करून द्या म्हणाले. मी म्हणालो, आमच्याकडं होत नाही. ते म्हणाले, तुम्ही केला होता असं ऐकलं. मी त्यांच्यावरही खेकसलो, 'केला होता, आणि बिघडला! जा दुसरीकडं.' ते काठी टेकत पायऱ्या उतरून गेले. मी आत येऊन कुणाच्यातरी जॅकवर हातोडा घालत बसलो.

भावाशी बोलणं तुटलं नाही, पण उरलंही नाही. सणाला जायचो. जनावरं कशी आहेत, पाऊस कसा आहे. त्या दुपारबद्दल एकमेकांशी एक अक्षर नाही. वर्षं गेली अशीच.

मागच्या थंडीत दादा गेले. वय झालं होतं, फार त्रास न होता गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले. मी निघायच्या तयारीत होतो. भाऊ म्हणाला, 'गोठ्याच्या माळ्यावर कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा हाय. काढ त्यो.'

काढला. आत दादांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोडलं, तर माझे दोन्ही सिलिंडर. पाईप वेटोळं करून ठेवलेला. वरची पांढरी बाटली.

'तू तर भंगारात दिलं म्हणाला होतास!'

'उघड,' भाऊ म्हणाला.

गाडीच्या डिकीत पाना-पक्कड असतोच माझा. तिथंच गोठ्यात बसून मी वरचा सिलिंडर उघडला. दट्ट्या निघता निघेना. पक्कडीनं ओढून काढला तेव्हा त्याच्यावरचं रबर बघितलं, आणि मी हाताचा पाना खाली ठेवला. रबर टम्म फुगलेलं होतं, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं. बोट फिरवून वास घेतला. इतक्या वर्षांनीही वास गेला नव्हता. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल. ब्रेक ऑइलच्या रबराला असलं तेल लागलं की ते चार-सहा दिवसांत फुगतं आणि सिलिंडरमध्ये गच्च बसतं. मग दांडा हत्तीनं ओढला तरी हलत नाही. दुकानात हे मी ढिगानं बघितलंय, आणि दर वेळी ज्यानं तेल घातलं त्याच्या सात पिढ्या काढल्यात.

तोंड उघडलंच माझं. 'कुठल्या गाढवानं...' एवढं बाहेर पडलं, आणि मग माझा मला तो दसरा आठवला. समदं तेलपानी केलंय, बघ.

भाऊ माझ्याकडंच बघत होता.

'बाटलीतलं कमी दिसलं त्यांना,' तो म्हणाला. 'ट्रॅक्टरच्या तेलाचा नवा डबा फोडून पार काठोकाठ भरली. चांगल्यातलं तेल म्हणून. ट्रॅक्टर खांबाला धडकला ना, तवा माझ्याकडं पळत आले. म्हणले, मी तर नवमीला त्यात तेल बी घातलं हुतं रं, मग कसं अडाकलं? तवा मला कळलं. त्यांना न्हाई कळलं.'

'मग मला का नाही सांगितलंस?' मी विचारलं. 'रबर बदलून दिलं असतं रे! दोन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी तू चालवत असतास!'

'ठावं हुतं मला.'

'मग?'

भाऊला असं बोलायची सवय नाही. 'तू येनार हुतास,' तो म्हणाला. 'तू उघडलं आसतंस. आन् बघितल्या बघितल्या वराडला आसतास. दादा हितंच हुते. त्या हवा काढायच्या दिवशी तू बोललास, तर चार दिस त्यांनी धड खाल्लं नव्हतं. एक पाय त्यांच्याच पायानं गेलेला माझा. त्यात हे आनखी ऐकलं आसतं त्यांनी, तर उभं ऱ्हायले नसते बघ. म्हनून तू यायच्या आत म्हनलं, काढूनच टाकावं. पुन्हा कधी तरी, तुझ्या दुकानी येऊन, सावकाश सांगावं. तवर त्यांनी ट्रॅक्टर इकला. मग म्हनलं, आता सांगून तरी काय?'

मी ओरडलो नसतो, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी ओरडलो असतो. आत्ताच तर ओरडलो होतो, दादा जाऊन तेरा दिवस झालेले असताना. इतकी वर्षं मी समजत होतो की भाऊ माझी चूक झाकतोय. तो माझ्यापासून दादांना झाकत होता. आणि त्यापायी ज्या एका गोष्टीवर त्याचा जीव होता ती त्यानं सोडून दिली, आणि वर माझी बोलणी खाल्ली.

'जाताना इचारलं त्यांनी,' भाऊ म्हणाला. 'त्या पायाबिगर माझ्या हातून तुझं आजून काय वाईट न्हाई ना झालं? म्हनलं, न्हाई दादा. तुमी तर माझं समदं जपलं. मग शांत झाले.'

गोठ्यात गाय शेपटी हलवत होती. वहिनींनी चहा झाला म्हणून हाक मारली, तसं मी सगळं सामान परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं.

मी डबा भिंगारला घेऊन आलो. सिलिंडर धुतले, पॉलिश केले, नवीन रबरं टाकली. इतकं मन लावून मी कुणाचं काम केलं नसेल. कशासाठी केलं, मला विचारू नका. ट्रॅक्टर कुठल्या गावी गेला, कुणी मोडीत काढला, काही पत्ता नाही. भाऊच्या खांद्याला आता वात धरलाय, हात वर जात नाही, नवा ट्रॅक्टर घेऊन दिला तरी तो त्याच्यावर चढू शकणार नाही. हे सगळं माहीत असून मी रविवारी ते सामान घेऊन वस्तीवर गेलो.

वरचा सिलिंडर दांड्यासकट ओट्याच्या कडेला शिकंज्यानं आवळला. पाईप अंगणातून नेला. खालचा सिलिंडर जिथं ट्रॅक्टर उभा असायचा तिथं, दोन विटांवर ठेवला. बाटलीत ब्रेक ऑइल ओतलं. हवा काढायला वहिनींनी दांडा धरला. त्यांनीही मधेच एकदा सोडला, हवा आत गेली. मी म्हणालो, 'असू द्या वहिनी, पुन्हा करू.' त्या माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

मग भाऊ आला, ओट्यावर बसला. त्यानं डाव्या हातानं दांडा धरला आणि ओढला. अंगणाच्या पलीकडं विटांवरच्या सिलिंडरचा दांडा सर्रकन बाहेर आला. पुढं पॅडल नव्हतं, काहीच नव्हतं. सोडला तसा आत गेला. भाऊनं पुन्हा ओढला. पुन्हा बाहेर. तो दादांसारखाच पुन्हा पुन्हा ओढत राहिला.

'चालतंय की रं,' तो म्हणाला.

सांगायचं पुष्कळ होतं. त्याचे गेलेले हंगाम, त्याचं गाणं, दादांचं त्या दिवशीचं न जेवणं, सगळ्याचं वाईट वाटत होतं, आणि ते भरून द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

'चालतच होतं, भाऊ,' मी अगदी हळू म्हणालो.

'काय म्हनलास?' त्यानं विचारलं. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.